दुसऱ्या भागातला गोलकीपर

नानामामा गेल्याचं मामीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "हो" म्हणाले. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात आई रडत होती.

नाना धुळ्याला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाई. मामेभाऊ महेशने सुरतेहून व्हिडिओ गेम आणला, त्यात बर्फावरच्या हॉकीची कॅसेट होती. "बर्फावर असं कोणी पळत नाही, मी रोज पाहतो," म्हणत नाना स्वतःच खेळायला बसले आणि सगळ्यांना हरवू लागले. पुढे साखरेच्या आजारामुळे त्यांची नजर अधू होत गेली. पडद्यावर चेंडूऐवजी पळणारी काळी चकती दिसेना, तसा त्यांनी रिमोट महेशकडे दिला. नंतर ते टीव्हीसमोर बसेनातच.

मग त्या गेमचा दुसरा भाग आला. पहिल्यात गोलकीपर आपोआप हलायचा. यात त्याला आपण हलवायचं होतं. हे कळताच नाना माझ्या शेजारी येऊन बसले. "तू पळ, मी गोल राखतो. चकती कोठे शे, तेवढं सांग." खोलीत गल्लीतली पोरं भरलेली. महेश हसला, "नाना, हिला सांगता? ही जेवताना पाणीसुद्धा मागत नाही!"

मी पुटपुटले. आमच्यावर एक गोल झाला, दुसरा झाला...

"सरका, मी सांगतो," महेश म्हणाला.

"तू चूप बस. माझी भाची सांगेल." मग माझ्याकडे वळून, "जोरात बोल, बाई. मशीनजवळ राहून माझे कानही गेलेत." हे साफ खोटं होतं; त्यांना शेजारच्या घरातलं भांडणही ऐकू यायचं. चकती पुन्हा आली आणि मी ओरडले, "डावीकडे!" नानांनी ती अडवली. सामना आम्ही हरलो, पण पुढची प्रत्येक सुट्टी मी ओरडण्यात घालवली. शाळेत सगळे मला बोल बोल म्हणायचे. नानांनी तसं कधी म्हटलं नाही. त्यांनी माझ्या बोलण्यावर आपला गोल सोपवला.

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले, तेव्हा कपाटातून गेम काढून जोडला. दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन एकटीच खेळत होते. स्वयंपाकघरातून मामीची हाक आली.

"गप्प का शे गं? मी काय इतकी वर्षं टीव्ही पाहत होते का? तू ओरडून सांगायचीस, ते इथून ऐकूनच माझी मॅच चालायची."

मी घसा साफ केला. "मामी, चकती मधोमध आहे... आता उजवीकडे आली..."

"मंग अडव ना!" मामी म्हणाली, आणि नीट ऐकू यावं म्हणून तिने कुकरखालचा गॅस बारीक केला.