पुसलेला पखवाज

मंडळी, आज सकाळी भर उजेडात माझ्या अंगावर काटा आला. हसू नका.

नव्वदच्या आसपास उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात आमचा रॉक बँड होता. मी गायक. शाळेत संस्कृत घेतल्यामुळे उच्चार शुद्ध, सूर मात्र ऐच्छिक. एका गाण्यासाठी अंबरनाथच्या भजनी मंडळातल्या भाऊंना पखवाजाला बोलावलं. रेकॉर्डिंग करून ते घरी गेले आणि आमचा गिटारवाला म्हणाला, "भाई, ये तो आरती हो गई!" मग टेपवरचा पखवाज पुसून त्या जागी ड्रम भरले. बटण मीच दाबलं. भाऊंना ना सांगितलं, ना कधी कॅसेट ऐकवली.

भाऊ गेल्या वर्षी वारले. आज त्यांची मुलगी बदलापूरहून आली. "काका, बाबांचं वाजवणं दुसरीकडे कुठेच रेकॉर्ड केलेलं नाही. ऐकवा ना."

ड्रमच्या गोंगाटात निभावून जाईल, या आशेनं कॅसेट लावली. गाणं संपलं, ड्रम थांबले. आणि मागे पखवाज एकटाच वाजत राहिला.

ती डोळे टिपत म्हणाली, "बाबा सांगायचेच, सगळे थांबले तरी कॅसेटवर मी वाजवतोय."

माझ्या कपाटातून कधीच बाहेर न गेलेली ती कॅसेट भाऊंनी कधी ऐकली, मंडळी? आणि मी काय केलं होतं, ते पोरीला सांगू की नको?