कोणत्याही वाहनास हात लावणार नाही

फिटरबाईंनी त्या हमीपत्रावर सही केली ती निव्वळ धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघून. एरवी असल्या कागदाला त्यांनी भीक घातली नसती.

बाई बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होत्या. निवृत्त झाल्यावर भावाने खटपट करून त्यांना माळरस्त्यावरची जुनी चौकी राहायला मिळवून दिली. तो रस्तेखात्यात सुपरवायझर होता. दोन खोल्या, एक पाण्याची टाकी, आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोमीटर औषधालाही माणूस नाही. गाड्या अशाच रस्त्यावर बंद पडतात. लोक घाम पुसत चालत चौकीपर्यंत यायचे, आणि बाई पान्यांची पेटी उचलून त्यांच्याबरोबर चालू लागायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, पण बोलणी मात्र पोटभर द्यायच्या. रेडिएटरमध्ये पाणी शेवटचं कधी घातलं होतं, स्टेपनीत हवा आहे का हे कधी बघितलं होतं, गाडी फक्त पुसायचीच असते असं कोणी शिकवलं. मोठमोठे साहेब शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून ऐकून घेत.

मग बंद गाड्या ओढून नेण्याचा ठेका एका कंपनीला मिळाला. कंपनीची क्रेन शहरातून निघायची ती चार तासांनी उगवायची, आणि येऊन बघते तर गाडी केव्हाच निघून गेलेली. कंपनीने तक्रार केली: अनधिकृत व्यक्ती वाहनांशी छेडछाड करते. तीस वर्षं ज्या हातांनी बसगाड्या धावत्या ठेवल्या ते हात एका अर्जात अनधिकृत झाले. खात्याला कंपनी मोठी वाटली, आणि हमीपत्र घेऊन भावालाच पाठवण्यात आलं.

मजकूर दोन ओळींचा होता. या रस्त्यावरील कोणत्याही वाहनास हात लावणार नाही. लावल्यास चौकी एका महिन्यात रिकामी करून देईन. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसून होता, चहा गार झाला तरी त्याने कप उचलला नाही. ताई सही करणार नसेल तर चौकी आजच जाईल, आणि ती मिळवून दिली म्हणून साहेब आपल्यालाही धारेवर धरतील, असं त्याने कसंबसं सांगितलं. बाईंनी दोनदा कागद वाचला, सही केली आणि विचारलं, “यात बोलायला बंदी आहे का कुठे?”

तशी बंदी नव्हती. तेव्हापासून गाडी बंद पडली की बाई जायच्या, चार हात लांब हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि नुसत्या बोलायच्या. जॅक तिथे नाही, अलीकडे लावा. नट आधी सैल करा, मग चाक उचला. उलट्या बाजूला फिरवताय, घड्याळ कधी बघितलं नाही का? चार महिन्यांत त्यांनी एका वकिलाकडून चाक बदलून घेतलं, एका बँकेतल्या बाईंकडून फॅनबेल्ट चढवून घेतला, आणि नव्या नवरा-नवरीकडून, त्यांची भांडणं मध्येमध्ये सोडवत, बॅटरीची टोकं घासून घेतली. कंपनीचा नुसता जळफळाट झाला. तिने मोटारसायकलवरून फिरणारा एक रखवालदार नेमला. तो यायचा, बाईंची घातलेली घडी बघायचा आणि हात हलवत परत जायचा.

लोकांना हे सगळं मोठं गमतीचं वाटे. बाईंना वाटत नसे. कोणी चुकीचा पाना लावून नट खराब करायला लागलं की त्यांचे हात काखेत वळवळायचे. घरी आल्यावर त्या पेटी उघडून सगळे पाने पुसायच्या, पुसलेले पुन्हा पुसायच्या, आणि चोरी न करता चोर ठरल्यासारखं त्यांना वाटायचं. राग यायचा, आणि तो गिळावा लागायचा याचा आणखी राग यायचा.

एका दुपारी एक मास्तरीणबाई धापा टाकत चौकीवर आली. तिच्या गाडीचं चाक बसलं होतं. मागच्या सीटवर वडील होते, आणि त्यांची डायलिसिसची वेळ दोन तासांवर आली होती. आधीची वेळ आजारपणातच हुकलेली, पाय सुजलेले, श्वास लागलेला. क्रेनला फोन केला तर नेहमीचं उत्तर मिळालं, चार तास.

बाई गेल्या, पेटी खाली ठेवली, हाताची घडी घातली आणि सांगू लागल्या. मास्तरीणबाईने चार नट काढले. पाचवा हलेना. तिने जीव खाऊन जोर लावला, पाना सटकला, नटाच्या कडा झिजून तो गोल झाला आणि तिची बोटं सोलवटली. बाईंनी दुसरी युक्ती सांगितली, ती साधली नाही. आता उपाय एकच होता. एक नंबर लहान गोटी, म्हणजे टोपीसारखा बसणारा पाना, त्या नटावर हातोडीने ठोकून बसवायची, तिच्या दांड्यावर लांब पाईप चढवायचा आणि एका झटक्यात फिरवायचं. तो झटका हातात असावा लागतो. तो सांगून येत नाही. काचेतून म्हातारे बाईंकडे बघत होते, काही मागत नव्हते, नुसते बघत होते.

रखवालदार समोर मोटारसायकल लावून उभा होता. बाईंनी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून घडी सोडली.

“नीट बघून घे,” त्या म्हणाल्या. “उद्या सांगताना चुकशील.”

हातोडीचे तीन ठोके, एक झटका, आणि नट करकरत सुटला. दहा मिनिटांत स्टेपनी लागली. मास्तरीणबाई हात जोडायला गेली, तर बाईंनी तिला वेळेवरून झापलं आणि गाडीत बसवलं.

रखवालदाराची तक्रार खात्यात पोचली होती. संध्याकाळी भाऊ अहवालाचा कोरा कागद घेऊन आला. त्याने वाटेत सगळा विचार करून ठेवला होता. रखवालदार एकटा, त्याच्या शब्दाला किती वजन. क्रेनच्या नोंदीतून नंबर काढून त्याने मास्तरीणबाईला फोन केला होता, वडील वेळेत पोचले होते आणि ती वाटेल ते लिहून द्यायला तयार होती. नट तिनेच काढला, ताईने फक्त सांगितलं, एवढं लिहिलं की प्रकरण मिटलं. चौकी राहिली असती.

या वयात दुसरं घर शोधायचं म्हणजे काय ते बाईंना कळत होतं. भीती वाटत होती, आणि ती वाटते हे त्यांनी भावाला सांगितलंही.

“मग लिहू ना तसं?” भावाने विचारलं.

“नाही. तसं लिहिलंस तर मी काहीतरी वाईट केलं आणि ते लपवलं असं होईल. मी वाईट केलेलं नाही. लिही, नट मी काढला. माझ्या हातांनी.”

“ताई, तू जाणार कुठे?”

“ते माझं मी बघेन. तू लिही.”

त्याने लिहिलं. लिहिताना त्याचे डोळे भरले आणि एक ओळ खोडून पुन्हा लिहावी लागली. बाईंनी सही ठोकली आणि विचारलं, “रिकामी करायला महिना आहे ना?”

“हो.”

“आणि हमीपत्र आता मोडलंच. मग महिनाभर मला कशाची बंदी?”

भाऊ हसला, चार महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चौकीतलं टेबल रस्त्याच्या कडेला ओढून आणलं आणि त्यावर सगळे पाने मांडले. नऊच्या सुमाराला रखवालदार आला, तेव्हा त्या एका जीपखाली आडव्या होत्या. मोटारसायकल थांबल्याचं त्यांना ऐकू आलं. त्यांनी बाहेर राहिलेले पायसुद्धा आत घेतले नाहीत.