वगदी मास्तरांचा शुक्रवारचा वर्ग

गोलकीपरच्या मानानं वगदी मास्तर बुटके होते. सुएझमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेरून आलेला संघ ते पहिल्या पाच मिनिटांत हेरायचा. मग चेंडू डोक्यावरून यायला लागायचे. मास्तर दोन पावलं धावत, उसळी घेत आणि बोटांच्या टोकांनी चेंडू दांडीवरून पलीकडे ढकलून देत. खाली पडताना धप्प आवाज यायचा, कारण आमच्या मैदानावर तेव्हा गवताची काडी नव्हती. आम्ही पायऱ्यांवरून विचारायचो, "मास्तर, फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचतो का?" अंगावरची धूळ झटकत ते म्हणायचे, "खुर्ची घेतो."

मी नबवी. बंदरावर क्रेन चालवत होतो, आता घरी बसून आहे. मास्तर गेले त्याला दोन वर्षं झाली. ते गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही जुने पाठीराखे क्लबच्या पायऱ्यांवर जमलो होतो. चहा फिरत होता आणि जो तो आपली आठवण सांगत होता. कुणाला त्यांनी अडवलेला एखादा गोल आठवत होता, कुणाला शाळेतली छडी. ती छडी ते फक्त फळा दाखवायला वापरायचे, तरी भीती वाटायची म्हणे. माझी पाळी आली तेव्हा मी त्या फलकाची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो.

सदुसष्टनंतरच्या लढाईच्या वर्षांत आमचं शहर रिकामं केलं होतं. आम्ही सगळे झगाझिगच्या बाजूला पांगलो होतो. मास्तर तेव्हा ऐन विशीतले. तिथल्या एका कापसाच्या गोदामात ते निर्वासित मुलांना शिकवायचे आणि शाळा सुटली की कापसाच्या दोन गठ्ठ्यांचा गोल करून त्याच मुलांना चेंडू मारायला लावायचे. पुढे आम्ही परत आलो तेव्हा अर्धं शहर पडलेलं होतं आणि मैदानाच्या मधोमध तोफगोळ्याचा खड्डा होता. तो आम्हीच पाट्या वाहून बुजवला. मास्तरांना प्राथमिक शाळेत अरबी शिकवायची नोकरी मिळाली आणि गोदी कामगारांच्या आमच्या क्लबात गोलकीपरची जागा.

१९७८च्या हिवाळ्यात दुम्यातच्या संघाविरुद्ध मॅच होती. एक मरगळलेला चेंडू लोळत लोळत आला आणि मास्तरांच्या दोन पायांमधून आत गेला. आम्ही एक-शून्यनं हरलो. आठवडाभर बंदरावर दुसरा विषय नव्हता. पुढच्या शुक्रवारी आम्ही पांढऱ्या कापडावर लाल रंगानं फलक करून आणला: 'गोलकीपर, घरी बसा.'

ती मॅच आम्ही जिंकली. पण शिटी वाजल्यावर मास्तर कपडे बदलायला न जाता सरळ पायऱ्या चढून आमच्याकडे आले. आता जुंपणार असंच सगळ्यांना वाटलं. ते फलकासमोर उभे राहिले आणि त्यांनी तो शांतपणे वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

बरकात उठला. तो जहाजांना रंग द्यायचा. अंगानं दांडगा होता आणि माझा जिवलग. "मी. का?"

"'ह' चुकलाय."

आमच्या भाषेत 'ह' दोन आहेत, एक घशातला आणि एक नुसत्या श्वासासारखा. 'हारिस' म्हणजे गोलकीपर. तो घशातल्या 'ह'नं लिहायचा असतो, आम्ही दुसरा काढला होता.

"असं लिहिलं तर अर्थ होतो कुटणारा," मास्तर म्हणाले. "कुटणारा, घरी बसा. मी काय गहू कुटतो?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बरकातचे कान लाल झाले. "मला काय विचारता? चहावाल्यानं कागदावर काढून दिलं, मी वर रंग फिरवला. मला वाचता कुठं येतं."

"मग हे माझ्याबद्दल आहे हे तुला कसं कळलं?"

"चहावाला म्हणाला."

सगळे हसले, पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. "इथं वाचता कुणाकुणाला येतं?"

आम्ही पन्नासेक जण होतो. चार हात वर झाले. मी आपल्या चपलांकडे बघत राहिलो. माझं वय तेव्हा एकोणतीस, घरात दोन मुलं.

"पुढच्या शुक्रवारी मॅचच्या दोन तास आधी या," मास्तर म्हणाले. "मला शिव्या द्यायच्या तर द्या, पण नीट लिहून द्या."

आम्ही गेलो. खरं सांगायचं तर सावलीची जागा पकडायला तसेही लवकरच जायचो. मास्तर गोलकीपरच्या कपड्यांत, हातात खडू घेऊन आले आणि मागच्या भिंतीवर त्यांनी पहिला शब्द लिहिला, 'हारिस'. मग 'गोल'. मग संघातल्या अकरा जणांची नावं. त्या अकरा नावांत निम्मी अक्षरं होऊन गेली.

आमचे प्रशिक्षक कॅप्टन ओकाशा खालून ओरडले, "वगदी, मॅचच्या आधी अंग गरम करायचं असतं, घसा नाही."

"कॅप्टन, या पन्नास जणांना गप्प बसवताना जेवढा घाम निघतो, तेवढा तुमच्या कवायतीत निघत नाही."

दुसऱ्या संघांचे पाठीराखे आम्हाला विचारायचे, "दप्तर कुठंय?" महिन्याभरात आम्ही नवा फलक लावला: 'दप्तर घरी आहे, आज फक्त तोंडी परीक्षा.' त्यात एकही चूक नव्हती. मास्तरांनी दोनदा तपासला होता.

माझ्या क्रेनच्या खोपटात एक पत्र्याची पाटी होती. चार वर्षं मी ती कुराणातली आयत समजत होतो. एका सकाळी अक्षर अक्षर जुळवून वाचली, तर 'पाच टनांपेक्षा जास्त वजन उचलू नये'. मी सात उचलत होतो. हे मास्तरांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि लगेच गंभीर होऊन म्हणाले, "उद्यापासून पाच."

मैदानाच्या दारात उम्म दसूकी, म्हणजे दसूकीची आई, बसायची. भिजवलेले तुरमुसचे दाणे कागदाच्या पुड्यांतून विकायची. तिचा एकुलता मुलगा दसूकी त्र्याहत्तरच्या लढाईत, आमच्या शहरातच पडला होता. एका शुक्रवारी ती टोपली घेऊन वर आली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

"खाला, इथं विकू नका," बरकात म्हणाला. "वर्ग चालू आहे."

"मग तू गप्प बस. मला ऐकू येत नाही."

वर्ग संपल्यावर ती मास्तरांना म्हणाली, "मला सगळं नको. माझ्या पोराचं नाव तेवढं शिकवा."

पाच अक्षरं. तिनं ती तीन शुक्रवारांत पक्की केली. पुड्यांच्या कागदांवर कोळशानं गिरवायची. आम्ही दाणे खाऊन कागद उलगडला की आत 'दसूकी' असायचं. मग एक दिवस तिनं मास्तरांना शहिदांच्या भिंतीकडे चला म्हटलं. बरकात आणि मीही बरोबर गेलो.

खाडीच्या बाजूला ती संगमरवरी भिंत आहे. भिंत बांधली तेव्हा तिथल्या राखणदारानं तिला एक ओळ दाखवली होती. तेव्हापासून दर सोमवारी ती यायची आणि त्या ओळीवरून हात फिरवायची. त्या दिवशीही तिनं तिथंच हात ठेवला. मग बोट पहिल्या अक्षरावर थांबलं. ती जवळ वाकली.

"हा दसूकी नाही."

मास्तरांनी ते पहिल्या नजरेतच वाचलं असणार. पण शोधणं त्यांनी तिच्यावरच सोडलं. ती एकेक ओळ बघत खाली आली. दोन ओळी खाली तिचं बोट पुन्हा थांबलं आणि या वेळी ते पाचही अक्षरांवरून सावकाश फिरलं. ती तिथंच खाली बसली. बरकातनं तोंड फिरवलं. मीही समुद्राकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि वरच्या ओळीकडे बोट करून म्हणाली, "मग हा कोण?"

"तुम्हीच वाचा. मला घाई नाही."

एकेक अक्षर मास्तरांनी सांगितलं, जुळवलं तिनं. "शा... बा... न. शाबान." तिनं त्या नावावरून पुन्हा हात फिरवला. "याची आई येत नसेल इकडे. लांब राहत असेल. इतकी वर्षं माझा हात काही फुकट गेला नाही." परत निघताना ती मास्तरांना म्हणाली, "उरलेली अक्षरंही शिकवून टाका आता."

दोन वर्षांनी सरकारी साक्षरता परीक्षेला आम्ही तेवीस जण बसलो, मास्तरांच्याच शाळेत, पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन. बरकातच्या वजनानं एक बाक मोडला. सगळे पास झालो. उम्म दसूकी पहिली आली आणि त्या शुक्रवारी तिनं तुरमुस फुकट वाटले.

त्याच शुक्रवारी आमची हंगामातली शेवटची मॅच होती. जिंकलो तर पहिल्या श्रेणीत जाणार होतो. आम्ही तेवीस जणांनी मिळून फलक केला होता, प्रत्येकानं आपापल्या हातानं एक शब्द लिहून. मास्तर गोलमध्ये जाताना तो वाचत उभेच राहिले. शेवटी पंचांनी शिटी मारली तेव्हा ते वळले, आणि वळता वळता आम्हाला म्हणाले, "चौथ्या शब्दावर एक टिंब कमी आहे." चौथा शब्द माझा होता. त्या दिवशी त्यांनी एक पेनल्टी अडवली, तरीही मॅच बरोबरीत सुटली. आम्ही वरच्या श्रेणीत गेलो नाही, पुढेही कधी गेलो नाही. पण त्या संध्याकाळी रडवेलं कुणीच नव्हतं. प्रमाणपत्रं घेऊन मिरवत घरी गेलो.

मास्तर अडतिसाव्या वर्षापर्यंत खेळले आणि साठीपर्यंत त्यांनी शाळेत शिकवलं. म्हातारपणी गुडघे गेले, तरी शुक्रवार चुकला नाही. पायऱ्यांवर शेजारी बसून नव्या गोलकीपरच्या चुका मला हळूच सांगायचे.

चाळिसाव्याला आठवणी सांगून झाल्या तेव्हा बरकात म्हणाला, "नुसतं बोलून उठायचं का?" त्या वर्षी सुदानातून लढाईमुळे बरीच कुटुंबं आमच्या शहरात आली होती. त्यांच्या मुलांना कागदपत्रांअभावी शाळा मिळत नव्हती. ओमदुरमानच्या एक बाई, इहसान, तिकडे शाळेत शिकवायच्या. इथं दिवसभर घरी बसून असायच्या. आम्ही त्यांना जाऊन भेटलो.

"किती मुलं आहेत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा, बाई. आमच्याकडे खोली आहे."

क्लबची सामानाची खोली आम्ही तीन दिवसांत रिकामी केली. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली होती. आज एकेचाळीस आहेत. सगळी एका वेळी आत मावत नाहीत, म्हणून सोमवारपासून दुपारचा दुसरा वर्ग सुरू होतोय.