दमयंतीबाईंनी ऐकवलेले वेलर्स

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या श्रवण मंडळाचा मी सचिव. म्हणजे सतरंज्या घालणारा आणि चहा सांगणारा. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही वीस-पंचवीस जण जमतो आणि कुणीतरी एक जण आपल्या आवडीचं संगीत समजावून ऐकवतो. मार्चची पाळी दमयंतीबाईंची होती. पस्तीस वर्षं तबला शिकवलेली बाई, त्यामुळे आम्ही ठुमरीच्या तयारीनं गेलो. त्यांनी लावले जमैकाचे वेलर्स.

कारण मला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा हिमांशू पुण्यात एका रेगे, म्हणजे याच जमैकी संगीताच्या बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार वाजवायचा. बाई एकदाच ऐकायला गेल्या आणि त्याच्या दोस्तांसमोर म्हणाल्या, “तू यात काय वाजवलंस? मला तर काही ऐकू आलं नाही.” त्यानंतर हिमांशूनं आईपाशी संगीताचा विषय काढला नाही. आता तो वाळूजला नोकरी धरून घरी परतला होता, पण मायलेकांचं बोलणं भाजी आणि वीजबिल यापुढे जात नव्हतं. त्यानं पुन्हा मोकळं बोलावं, एवढ्यासाठी बाईंनी हा घाट घातला होता. हिमांशू मागच्या खुर्चीवर बसला होता, तोही मी दोनदा फोन केल्यावर.

“बॉब मार्ले तुम्ही पोरांच्या टीशर्टावर पाहिलाय,” बाईंनी सुरुवात केली. “वेलर्स हा त्याचा बँड. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतली ही पोरं. पुढे ड्रम आणि बेसवर दोन सख्खे भाऊ आले. आता चार मोजा आणि पहिल्या मात्रेला टाळी द्या.”

बाईंनी गाणं लावलं, आम्ही टाळ्या दिल्या. आमची टाळी पडली की ड्रम गप्प, तिसऱ्या मात्रेला मात्र दणका. गिटार मधल्याच मात्रांवर टचटच करत होती.

पिशोरचे अप्पाराव म्हणाले, “बाई, ढोलवाल्याला पयला ठोका सापडंना व्हय?”

“सापडलाय. मुद्दाम सोडलाय. आपल्या रूपक तालात सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देण्याच्या जागी येते, तसंच समजा.”

“मग गाणं चालवतंय कोण? तबल्यावानी काई ऐकूच येत नाय.”

बाई उठून आमच्या जुन्या अॅम्प्लिफायरपाशी गेल्या. डग्गा घुमतो म्हणून बेसचं बटण त्यांनीच आम्हाला शून्यावर ठेवायला लावलं होतं, कैक वर्षांपूर्वी. त्यांनी ते पुरतं फिरवलं. खालून एक जाड, सावकाश चाल सुरू झाली. ती सतरंजीतून मांडीला कळत होती. गाणाऱ्याचा आवाज तिच्यावर निवांत बसला होता. अप्पारावांची मान हलायला लागली आणि खोटं कशाला सांगू, माझीही.

बाईंनी गाणं थांबवलं. “चालवणारा हा. माझा मुलगा हेच वाजवतो. मी ऐकलं नाही आणि वर त्यालाच बोल लावला. हिमांशू, पुढच्या महिन्यात तू इथं वाजव.”

हिमांशू उभा राहिला. “गिटार विकली मी, आई. दोन वर्षं झाली.”

“माझ्यामुळं?”

“थोडं तुझ्यामुळं.”

मला वाटलं, आता चहा सांगावा. बाईंना फार वाईट वाटलेलं दिसत होतं. मग त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

“वाद्य राहू दे. तोंडानं म्हण.” तबल्याचे बोल आधी तोंडानं म्हणतात, हातानं नंतर. लहानपणी हिमांशू त्यांच्याकडे तेच शिकला होता.

“इथं? सगळ्यांसमोर?”

“मी सगळ्यांसमोरच बोलले होते ना.”

तो पुढे आला, आईसमोर बसला आणि डोळे मिटून खालच्या आवाजात ती जाड चाल म्हणायला लागला. बाईंनी बोटांवर मात्रा धरल्या. त्यांचे गाल ओले झाले होते, पण ते पुसायला त्यांनी मात्रा मोजणारा हात थांबवला नाही.