शाळा भरते, बांगड्या भरतात

आठवीत मराठीच्या बाईंनी 'भरणे' या क्रियापदाची वेगवेगळ्या अर्थांची वाक्यं करायला सांगितली होती. वर्गात कोणी पाणी भरलं, कोणी फी भरली, कोणी बाजार भरवला. एकीने वांगी भरली. एका हुशार मुलीने जखम भरून आणली, तिला शाबासकी मिळाली. मी 'आई बांगड्या भरते' एवढं लिहून वही मिटली. बाई म्हणाल्या, आणखी लिही. मला आणखी काही सुचलं नाही. आमच्या घरात त्या शब्दाचं मुख्य काम तेच होतं, बाकीची कामं तो फावल्या वेळात करायचा.

लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरा मशीनींच्या मागे, एका गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान. आई सतरंजीवर बसून भरायची. बाबा पेटी घेऊन सायकलने बाजाराला जायचे, खापरखेड्याच्या कॉलनीत त्यांची बांधलेली गिऱ्हाइकं होती. दुकानात बोलायचे नियम होते. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. संध्याकाळी दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं, आणि मग आत जाऊन पानं वाढायची. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. घरात एकच परात होती, तिच्यात कणीकही मळायची आणि तांदूळही निवडायचे. शब्दांचंही तसंच.

बाबा थट्टेखोर होते. गल्लीत दोघांचं भांडण जुंपलं की एक दुसऱ्याला हमखास 'हातात बांगड्या भर' म्हणायचा, आणि बाबा ओट्यावरून ओरडायचे, "या गा इकडे, तुमच्या मापाच्या बी आहेत!" निम्मं भांडण तिथेच हसण्यावारी जायचं.

आईचा हात मात्र खरोखर हलका होता. ती अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबायची, सासूची चौकशी करायची, आणि बाई उत्तर देत असताना बांगडी मनगटावर गेलेली असायची. भरून झालं की बाया आईला वाकून नमस्कार करत. भरणारीला नमस्कार केल्याशिवाय उठायचं नाही, अशी पद्धतच होती. आई तेवढ्यापुरती ताठ बसायची. मला तिचा तो ताठपणा आवडायचा.

नववीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात बाबा खापरखेड्याहून परत येताना ऊन लागून गेले. त्या दुपारचं मी सांगणार नाही, मला ते नीट आठवतही नाही. आठवतो तो दहावा दिवस. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, वरवंटा घेऊन आईसमोर बसली. आईने हात पुढे केले. गिऱ्हाईक करतं तसेच केले, सैल, अंगठा आत मुडपून. इतक्या वर्षांची सवय.

"सरळ ठेव वं," आत्या म्हणाली.

आईने सरळ ठेवले. बांगड्या वाढवल्या. मी केरसुणी आणून काचा गोळा केल्या, कारण दुकानात काच पडली की केरसुणी आणायचं काम माझंच होतं. मला रडू आलं नाही. आईही रडली नाही. बाया आपसात म्हणाल्या, हिले रडवा, नाही त आतल्या आत कोंडून राहीन. पण कोणाला ते जमलं नाही.

"आता दुकानही वाढव," जाताना आत्या म्हणाली. "आपल्या हातून कोण भरून घेईन?"

ती 'आपल्या' म्हणाली, कारण ती स्वतःही विधवा होती. दुष्टपणा तिच्या बोलण्यात नव्हता. माहिती होती.

आईने दुकान वाढवलं नाही. फक्त जागा बदलली. सतरंजीवर मला बसवलं आणि आपण मागे, कपाटापाशी भिंतीला टेकून बसली. गिऱ्हाईक आलं की ती लांबूनच हात बघून माप ओळखायची, बांगड्या काढून माझ्याकडे सरकवायची आणि मी भरायची. बाया मुकाट्याने माझ्याकडे हात द्यायच्या. आईपुढे कोणी हात केला नाही. का, ते कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला!

जुलैत शाळा उघडली. अकरावीची मॅट्रिक जाऊन नुकतीच दहावी आली होती, आणि आमचा दहावीचा वर्ग माझ्यावाचून भरला. मी गेले असते तर सतरंजीवर कोण बसणार? शाळेच्या शिपायाकडून निरोप आला, पोळ्यापर्यंत आली नाही तर नाव कमी करू. आईने ऐकलं, मीही ऐकलं. परीक्षेला बसायची ती मी दुकानात बसले. आल्यागेल्या बाया म्हणायच्या, पोट्टी मोठी समजदार आहे. डोंबलाची समजदार! मी बधिर झाले होते. दाढ काढताना डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, तसं मला माझं काहीच आपलं वाटत नव्हतं. बाबांची आठवण यायची, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी बाबांची यावी तशी.

शिवाय माझा हात जड होता. बांगड्या वाढायच्या, बायांच्या हातांवर ओरखडे उठायचे. "शिकंन हळूहळू," त्या म्हणायच्या आणि हात चोळत जायच्या. मला कोणी नमस्कार करत नसे.

पोळा आठवड्यावर आला असताना आमच्या मागच्या बौद्ध वस्तीतली एक बाई आली. कापडाच्या गिरणीत कामाला जायची, आमचं जुनं गिऱ्हाईक. सोबत तिची लेक होती, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. लेक पोट सावरत माझ्यासमोर बसली. आईने मागून हिरव्या बांगड्या सरकवल्या. मी पहिलीच चढवली आणि ती अंगठ्यावरच वाढली. लेकीच्या हाताला रक्ताचा थेंब आला.

"थांब वं पोट्टे," गिरणीवाली म्हणाली आणि आईकडे वळली. "तुम्ही काहून भरून नाही राहिल्या?"

"माझ्या हातानं नाही चालत आता."

"कोणाले नाही चालत? कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायले कशाले पायजे, बाई?"

"म्हणजे कोणीच नाही म्हणालं." गिरणीवालीने लेकीचा हात धरून तिला आईजवळ सरकवलं. "आमच्या घरी दीक्षा घेतली तेव्हाच हे सारं सोडलं. मले चालते. भरा."

आणि तिने लेकीचा हात आईच्या मांडीवर ठेवला. आईने चटका बसल्यासारखे आपले हात मागे घेतले.

"नाही वं बाई. दोन जिवांची आहे ते. काही वाकडं झालं त मी कुठं तोंड दाखवू? तुम्हाले चालत असंन. मलेच नाही चालत."

मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी समजत होते की बायांनी आईला उठवलं. बायांनी काहीच केलं नव्हतं. आई आपणच उठली होती, आणि उठून तिने मला बसवलं होतं. मला संताप यायला हवा होता. मी खाली वाकून काचा वेचत होते.

गिरणीवालीने लेकीच्या हातावरचा रक्ताचा थेंब पदराने टिपला. मग तिने माझ्याकडे हात केला. "ही शाळेत जात होती ना?"

"हो," आई म्हणाली.

"माझ्या लेकीचं वाईट होईन म्हणून तुम्ही एवढ्या भिऊन राहिल्या. मग ही कोणाची लेक आहे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे अशी पाहत नव्हती, माझ्या हातांकडे पाहायची, बांगडी नीट चढते की नाही ते. मग तिने पदराला हात पुसले, सरकून सतरंजीवर आली आणि त्या मुलीचा हात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं.

"कितवा?"

"आठवा लागला, मावशी," ती म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर होती.

दोन्ही हात भरले. एकही वाढली नाही. मुलीला वाकता येत नव्हतं, तिने बसल्या बसल्याच हात जोडले. "जय भीम, मावशी." आई या वेळी ताठ बसली नाही. "सुखी राहाय," म्हणाली आणि बराच वेळ आपल्या रिकाम्या मनगटांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पुढे आले, तर सतरंजीवर आई आधीच बसलेली. माझा शाळेचा स्कर्ट तिने धुऊन, घडी करून ठेवला होता.

"जाय," ती म्हणाली. "शाळा भरली असंन. नाव अजून कमी नाही झालं."

मी कपाटापाशी, तिच्या जागेवर जाऊन बसले. "मले नाही जायचं."

"काहून?"

मी मनात शोधलं. रुसवा सापडला नाही, रागही नाही. शाळा सुटल्याचं दुःख मला कधी झालंच नव्हतं, मग ती परत मिळाल्याचा आनंद कुठून आणणार? आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलावं, एवढंसुद्धा वाटलं नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मले काहीच वाटून नाही राहिलं."

आईने पदर तोंडात कोंबला. बाबांना नेताना ती रडली नव्हती, वरवंटा पडताना रडली नव्हती. आता ती सतरंजीवर आडवी झाली आणि तिचं सगळं अंग हलायला लागलं. मी भिंतीला टेकून बघत राहिले. उठून तिच्याजवळ जावं हे मला कळत होतं, पाय उठत नव्हते. एवढ्यात ओट्यावर कोणीतरी चपला काढल्या आणि एक काकू आत डोकावल्या.

"थोड्या वेळानं या काकू," मी म्हटलं. "आई रडून राहिली."