पिवळी टोपी

सगळ्या लाइनसमोर मॅनेजरनं माझ्या डोक्यावरची निळी टोपी काढली आणि पिवळी घातली. आमच्या कारखान्यात निळी टोपी तपासणीवाल्यांची, पिवळी शिकाऊ पोरींची. मी एकोणीस वर्षं तपासणीला. वय एकोणपन्नास.

माझा गुन्हा काय? माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब आले होते. त्यांनी विचारलं, पार्टातलं हे भोक कशानं मोजता? व्हर्नियर माझ्या हातात होता. रोजचा. पण नावच आठवेना. मॅनेजर माझ्या लेकाच्या वयाचा. हसत म्हणाला, "अम्मा, डोकं चालत नसेल तर घरी बसा. नातवंडं सांभाळा." साहेब हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आठ महिने शब्द असे निसटत होते. तिखट न खाता जीभ भाजल्यासारखी. खांदा एवढा धरलेला की वेणी घालता येईना. अंगावर मुंग्या फिरायच्या, बघावं तर एकही नाही. वाटलं, वेड लागतंय. इकडं तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी पार्टांची नावं घोकायची. सांगणार कुणाला? माहेरी साताऱ्याला आईनं एवढंच सांगितलेलं, पाळी जाते, अंग तापतं, झालं.

टोपी बदलली त्याच आठवड्यात खांदा दाखवायला गेले तर डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं. म्हणाल्या, "रक्त तपासू. पण हे सगळं पाळी जातानाचं असू शकतं. यावर उपचार आहेत." मी तिथंच रडले. रागानं. अगं बाई, एवढी साधी गोष्ट, आणि आजवर कुणीच बोललं नाही!

शिफ्टच्या आधी आम्ही गोलात उभे राहतो, ज्याची त्याची अडचण सांगतो. कुणाचं मशीन, कुणाचा पट्टा. दुसऱ्या दिवशी मी पुढे झाले. मोठ्यानं, तमिळमध्ये बोलले, "माझी पाळी थांबतेय. शब्द आठवत नाहीत, जीभ जळते, खांदा धरतो. पण माझ्या हातून एक तरी खराब पार्ट बाहेर गेला असेल तर दाखवा."

पुरुषांनी माना खाली घातल्या. मॅनेजर पुटपुटला, "असलं इथं बोलायचं नसतं."

मी विचारलं, "मला टोपी इथंच घातलीत ना?"

मागून आमच्या लाइनवरची सेल्वी अक्का कुजबुजली, "माझीपण जीभ जळते गं." मी म्हटलं, "मग मोठ्यानं सांग." ती आपल्या मशीनकडे निघून गेली.

पिवळी टोपी मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. टोपीशिवाय लाइनवर पाय ठेवता येत नाही. म्हणून दारातच उभी राहिले, व्हर्नियर हातात घेऊन. उद्याही इथंच उभी राहणार. मला आत घ्यायचं तर माझी निळी टोपी आणा. पिवळी या डोक्यावर पुन्हा चढणार नाही.