आकडे बराबर दिसले पाहिजेत

मोटारसायकलच्या मीटरमध्ये वाफ धरली की मंठा रोडच्या फाट्यावर लालमियाँकडे जायचं, हे पार जालन्यापर्यंत ठाऊक. बाकीचे मेकॅनिक काय करायचे, तर काचेच्या कडेनं एम-सील थापून मोकळे. वाफ आतल्या आतच. लालमियाँ त्यांना शिव्या घालायचा. "अरे गधड्यांनो, मीटरला खाली बारीक भोक असतं, त्यातनं तो दम घेतो. ते चिखलानं बुजलं तर आत घाम सुटणारच!" मग तो हलक्या हातानं रिंग उचकटायचा, मीटर उन्हात वाळवायचा, भोक सुईनं मोकळं करायचा आणि नवं रबर घालून काच बसवायचा. काम एक नंबर.

पण त्याचं दुसरंही एक काम होतं, आणि त्याची पाटी काही दुकानावर नव्हती. गाडी विकायला काढलेले लोक यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि हळूच म्हणायचे, "चाचा, तेवढे आकडे बराबर दिसले पाहिजेत." लालमियाँनं काय ते समजून घ्यायचं. काच उघडलेलीच असायची. आकड्यांच्या चकत्या मागं फिरवायला असा कितीसा वेळ लागतो? लई पळालेली गाडी एका दुपारीत तरणीताठी व्हायची. त्याची बायको कमरबी चिडायची, हराम काम हाय म्हणायची. हा म्हणायचा, "अगं, मी काय कुणाचा गळा कापून राह्यलो? आकडेच तर हायेत."

त्या वर्षी रमजान थंडीत आला होता. एका सकाळी फाट्याच्या आतल्या गावची सोनूबाई गाडी ढकलत आली. तिचा नवरा मच्छिंद्र जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली होता. त्यासाठीच नवी गाडी घेतलेली; तीन वर्षं डबा घेऊन रोज चाळीसेक किलोमीटर जाऊन-येऊन करायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी काविळीनं गेला. तेरावं होतंय न् होतंय तोच जाऊ तुळजाबाईनं तोंड सोडलं, "कुठली मिल न् काय! डबा घेऊन शेजारच्या गावात एकीच्या घरी जाऊन बसायचा." ठेकेदारानं कधीच गाशा गुंडाळलेला, विचारायचं कुणाला? तेव्हा सोनूबाईला मीटर आठवला. रोज जालन्याला जात असेल तर गाडीच सांगेल की! पण गाडी पावसाळाभर गळक्या पत्र्याखाली उभी होती, आणि मीटरची काच आतनं पांढरीफटक झालेली. नवरा खरा की जाऊ खरी, ते त्या काचेमागं अडकलं होतं.

आता असलं काही परक्या माणसाला कुणी सांगतं का? बाई घामाघूम होऊन एवढंच बोलली, "चाचा, वाफ काढा. आकडे बराबर दिसले पाहिजेत."

लालमियाँला वाटलं, झालं, गाडी विकायला काढली. बिनकुंकवाची पोर, तिला दोन पैसे जास्त मिळाले तर बरंच. "बिलकुल फिकर नको करू, बेटी. उद्या ये." आणि रोजा धरलेल्या त्या भल्या माणसानं सवाब मिळेल, पुण्य लागेल म्हणून चकत्या फिरवल्या. मूळ आकडा त्यानं धड वाचलासुद्धा नाही. हाताला सवय पडलेली ना!

दुसऱ्या दिवशी काच आरशासारखी झाली होती. सोनूबाई वाकली, एकेक आकडा बोटानं वाचला, पुन्हा वाचला.

"आठ हजार? तीन वर्षांत एवढंच?"

ती टाकीवर हात टेकून उभी राहिली. मग सगळं बाहेर पडलं. जाऊ, शेजारचं गाव, ती कोण बाई. "रोज पहाटं उठून भाकरी थापत व्हते मी, चाचा. दोघांपुरत्या बांधाया लावायचा. म्हणायचा, मिलमधी भूक लई लागती."

लालमियाँनं कपाळावर हात मारला. या अल्ला, हे काय करून बसलो! मेलेल्या माणसाचं इमान आपण या हातांनी मागं फिरवलं. गप्प बसावं तर ही पोर आयुष्यभर जळणार. बोलावं तर धंदा गेला, इज्जत गेली. पण तिच्याकडं बघून त्याला राहवेना.

"बेटी, थांब. आकडे मी फिरवले. तुला गाडी विकायची आसंल असं वाटलं मला. आदुगर लई मोठा आकडा व्हता."

"किती व्हता?"

"तीस हजारांच्या वर... चाळीस आसंल... नीट पाह्यला न्हाई गं."

सोनूबाईचे डोळे भरून आले. "लई भले मानूस हायेत तुमी, चाचा. माझं मन राखाया सवताला चोर म्हणून घेऊन राह्यले."

"न्हाई बेटी! कुराणाची कसम..."

"नका!" तिनं हात पुढं केला. "रोजा हाय तुमचा. माझ्यापायी खोटी शपथ नका घेऊ."

तिनं स्टँड काढला आणि गाडी ढकलत गावाच्या रस्त्याला लागली. लालमियाँ तिच्या मागं धावला. भर फाट्यावर, चहाच्या टपरीवरच्या सगळ्या लोकांदेखत ओरडला, "मी आकडे फिरवतो! समद्यांच्याच गाड्यांचे फिरवतो!" टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. सोनूबाईनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.